प्रोजेक्ट झॉम्बॉइड: चौघांनी मिळून जिवंत राहायचं असेल तर

चार मित्र झोंबींपासून जीव वाचवायचा हा कॉम्प्युटर गेम पहिल्यांदा एकत्र खेळायला बसले की पहिल्या रात्री साधारण एकच प्रकार होतो. चौघे एकाच घरात शिरतात. एक जण खिडकी फोडतो, दुसरा फ्रीज उघडतो, तिसरा हेडफोनवर "अरे, इथे कुऱ्हाड मिळाली!" म्हणून ओरडतो, आणि चौथा बाहेर उभ्या गाडीचा हॉर्न चालतो का ते बघतो. अर्ध्या मिनिटात अख्ख्या गल्लीतले झोंबी दारात. पाचव्या मिनिटाला चौघेही मेलेले, आणि गेम फार अवघड आहे असा निकाल लागलेला.

गेम अवघड आहे, पण त्या रात्री चौघे मरतात ते हिशेब चुकल्यामुळे. माणसं चार झाली म्हणून ताकद चौपट होत नाही, आवाज मात्र नक्की चौपट होतो. 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड' चांगल्या खेळणाऱ्या टोळ्या आवाज कोण, कधी आणि कुठे करणार हे आधी ठरवतात. बाकी बरंचसं त्यातून आपोआप येतं.

गेमची ओळख थोडक्यात. 'द इंडी स्टोन' या स्टुडिओचा हा गेम नोव्हेंबर २०१३ पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आहे. जग अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं, तारीख ९ जुलै १९९३, सकाळचे नऊ. नॉक्स काउंटी हे नाव गेमने घेतलेलं आहे, पण मलड्रो, वेस्ट पॉइंट आणि लुईविल ही गावं खरोखर नकाशावर आहेत; रोझवूड आणि रिव्हरसाइड ही रचलेली. गेमला शेवट नाही, जिंकणं नाही. बिल्ड ४१ (बिल्ड म्हणजे गेमची आवृत्ती) मधली मल्टिप्लेयर यंत्रणा, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायची सोय, डिसेंबर २०२१ ला आली. बिल्ड ४२ ची चाचणी आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये निघाली तेव्हा तिच्यात मल्टिप्लेयर नव्हतं. पुढचे आकडे बिल्ड ४१ चे आणि मूळ सेटिंगचे आहेत. चौघांच्या स्टीमवर एकच बिल्ड निवडलेली असणं ही पहिली अट. एकाचीही वेगळी असेल तर सर्व्हर त्याला आत घेत नाही.

झोंबी कसा विचार करतो

विचार करतच नाही, आणि तोच आपला फायदा. त्याला दिसतं, ऐकू येतं, आणि दोन्ही नसेल तेव्हा तो आसपासच्या घोळक्याबरोबर रेंगाळतो. आवाज ऐकला की तो आवाजाच्या जागेकडे चालू लागतो. तुम्ही तिथून निघून गेलात तरी तो त्या जागेपर्यंत येतो आणि तिथेच घुटमळतो. गणपतीची मिरवणूक पुढच्या चौकात गेली तरी मागच्या चौकात गर्दी रेंगाळत असते, तसंच. त्यामुळे एखादा रस्ता मोकळा करायचा असेल तर दुसऱ्या रस्त्यावर जाऊन हॉर्न वाजवणं हा मारामारीपेक्षा स्वस्त उपाय ठरतो. हळू गाडी चालवत, अधूनमधून हॉर्न देत घोळक्याला दोन-तीन गल्ल्या लांब न्यायचं, मग वेग वाढवून लांबचा वळसा घेऊन परत यायचं. सरळ त्याच रस्त्याने परतलात तर घोळकाही मागोमाग येतो.

बंदुकीचं गणित इथेच बिघडतं. शॉटगन समोरचे तीन झोंबी पाडते, आणि तिचा आवाज ऐकून तीस येतात. चौघांकडे शॉटगन असेल तर तो बार नव्हे, दवंडीच. सुरुवातीचे काही आठवडे बंदूक गाडीच्या डिकीत ठेवा.

एकदा साफ केलेला भाग कायमचा साफ राहत नाही, याचंही कारण आकड्यांत आहे. नकाशा ३०० गुणिले ३०० चौकोनांच्या तुकड्यांत विभागलेला आहे. एखाद्या तुकड्यात १६ तास कोणी फिरकलं नाही, तर दर ७२ तासांनी तिथे ठरलेल्या संख्येच्या दहा टक्क्यांपर्यंत नवे झोंबी येऊ शकतात. त्यात भर म्हणजे एकूण संख्या २८ व्या दिवसापर्यंत वाढत जाऊन सुरुवातीच्या दीडपट होते. म्हणून रोज कोणीतरी तळाभोवती एक फेरी मारलेली बरी. सोसायटीचा वॉचमन रात्री काठी आपटत फिरतो तसं, फक्त काठी न आपटता.

मारामारी: दम मोजा, मुडदे नको

नवख्याला वाटतं, झोंबी चावला म्हणून मेलो. खरं तर तो आधी दमलेला असतो. हत्यार फिरवलं, धावलं, कुंपण ओलांडलं की दम खर्च होतो. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात धाप लागल्याचं चिन्ह आलं की तुमचा घाव हलका पडतो. जो झोंबी तीन घावांत पडत होता तो सहा खातो, त्या सहा घावांनी दम आणखी जातो, आणि हे चक्र तुम्हाला जमिनीवर आडवं करूनच थांबतं. जड ओझं, वेदना, झोप आणि भीती ही चारही त्याच हिशेबात भर घालतात.

दोघांनी लढायची साधी पद्धत पाळ्यांची. समजा रस्त्याकडेच्या एका गोदामासमोर दहा-बारा झोंबी आहेत. कमरेएवढं कुंपण शोधा आणि त्याच्या अलीकडे उभे राहा. एकाने क्यूचं बटण दाबून एक हाक मारायची, एकच. झोंबी येतात, कुंपण ओलांडताना बरेचसे तोंडावर आपटतात, आणि पडलेल्याला मारणं उभ्यापेक्षा कितीतरी सोपं. पहिला गडी तीन-चार मारतो, धापेचं पहिलं चिन्ह येताच "दमलो, तू ये" म्हणून चार पावलं मागे जातो आणि जमिनीवर बसतो, कारण बसल्यावर दम लवकर भरतो. दुसरा पुढे. दोघांनी खांद्याला खांदा लावून एकदम लढणं दिसायला भारी असतं, पण मग दोघे एकदमच दमतात आणि माघार घ्यायला कोणीच ताजा उरत नाही.

समोर दोनपेक्षा जास्त आले तर स्पेसबारने ढकला आणि मागे सरका. मूळ सेटिंगमध्ये एका फटक्याला एकच झोंबी लागतो, त्यामुळे तिघांत शिरून कुऱ्हाड फिरवणं म्हणजे दोघांना हात देणं. हत्यारांत पहार सगळ्यात टिकाऊ, कुऱ्हाड जोरकस, आणि लाकडाचा भाला मारतो मस्त पण मोडतो पटकन.

जखमांचे आकडे पाठ असू द्या. साधा ओरखडा लागला तर संसर्गाची शक्यता ७ टक्के. कातडी फाटली तर २५ टक्के. चावा घेतला तर १०० टक्के, आणि मूळ गेममध्ये औषध नाही. संसर्ग झालेला माणूस दोन ते तीन दिवसांत जातो. म्हणून जाड जाकीट, हातमोजे आणि मानेचं संरक्षण हे बंदुकीपेक्षा आधी शोधायचं सामान. जुलैत चामड्याचं जाकीट घालून पळताना पात्र घामाघूम होतं, पाणी जास्त पितं, पण तो सौदा परवडतो.

काचेचं एक वेगळंच प्रकरण आहे. फुटलेल्या खिडकीतून तसंच आत शिरलात तर काच रुतते. उजवी क्लिक करून आधी उरलेल्या काचा काढा. रुतलीच तर चिमट्याने काच काढायची, खोल जखम असेल तर सुई-दोऱ्याने शिवायची, मग पट्टी. हे काम मित्रही करू शकतो, फक्त दोघांनी एका जागी स्थिर उभं राहावं लागतं. हेडफोनवर "हलू नको रे" हे वाक्य त्या वेळी सगळ्यात जास्त ऐकू येतं.

कोणी कोण व्हायचं

एकटा खेळणारा सगळं थोडं थोडं शिकतो. चौघांनी तसं करणं म्हणजे वेळेची नासाडी. एक इलेक्ट्रिशियन हवाच, कारण जनरेटर जोडण्याचं ज्ञान त्याला पहिल्या दिवसापासून असतं. बाकीच्यांना त्यासाठी जनरेटरवरचं मासिक शोधून वाचावं लागतं, आणि ते मासिक नेमकं हवं तेव्हा सापडत नाही. दुसरा सुतार: फळ्या, भिंती, पाण्याचे पिंप त्याच्याकडे. तिसरा घरफोड्या, कारण तो चावीशिवाय गाडी सुरू करतो. इतरांना त्यासाठी इलेक्ट्रिकलची पहिली आणि मेकॅनिक्सची दुसरी पातळी लागते. चौथा अग्निशामक किंवा लाकूडतोड्या, पुढे उभा राहून मारणारा.

कौशल्याची पुस्तकं हा नवख्यांचा सगळ्यात मोठा तोटा. पुस्तक वाचल्याने कौशल्य वाढत नाही. पुढे मिळणाऱ्या गुणांना गुणक लागतो. पहिला भाग पहिल्या दोन पातळ्यांपुरता, दुसरा पुढच्या दोन, असे पाच भाग. आधी भिंती बांधून मग पुस्तक वाचणं म्हणजे पगार खर्च झाल्यावर वाढीचं पत्र येणं. सुताराने सुतारकामाचं पहिलं पुस्तक वाचून होईपर्यंत हातोडी उचलू नये, आणि बाकीच्यांनी त्याला तोवर जेवण आणून द्यावं.

टीव्हीही सोडू नका. पहिल्या आठवड्यात 'लाइफ अँड लिव्हिंग' या वाहिनीवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, सहा-बारा-सहा, असे कार्यक्रम लागतात. त्यांतून सुतारकाम, स्वयंपाक, शेती वगैरेंचे गुण फुकट मिळतात. एका टीव्हीसमोर चौघे बसले तर चौघांनाही.

पाठपिशव्या वाटताना आकार नको, वजन किती कमी करते ते बघा. शाळेच्या दप्तरात १५ एकक मावतं आणि वजन ६० टक्क्यांनी हलकं लागतं. मोठ्या ट्रेकिंग बॅगेत २२ मावतं, ८० टक्के हलकं. डफल बॅग १८ ची, पण हलकेपणा ६५ टक्केच. चांगली बॅग जो सामान आणायला जातो त्याला द्या. घरी बसून पुस्तक वाचणाऱ्या सुताराच्या पाठीवर मिलिटरी बॅग शोभेला नसते.

घड्याळ चालू असतं

मूळ सेटिंगमध्ये गेममधला एक दिवस म्हणजे खरा एक तास. आता हिशेब करा. हेलिकॉप्टर सहाव्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान येतं, म्हणजे रोज रात्री तीन तास खेळलात तर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. वीज आणि पाणी पहिल्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंत कधीही जातं, म्हणजे जास्तीत जास्त दहा रात्री. चौघे हळूहळू सामान जमवत बसले तर दिवस संपतात. दिवसाची लांबी दोन तास करणं ही नव्या टोळीसाठी चांगली सवलत आहे, त्यात लाज वाटायचं कारण नाही.

मल्टिप्लेयरमध्ये घड्याळ थांबवायचं बटण नाही. मेनू उघडा, चहा करायला जा, वेळ जातोच. सर्व्हरवर कोणीच नसेल तेव्हा मात्र वेळ थांबतो, ते सेटिंग मुळातच चालू असतं. गंमत इथे होते: तिघे ऑफिसात, आणि चौथा दुपारी सुट्टी म्हणून एकटाच दोन तास खेळला, तर सगळ्यांच्या फ्रीजमधलं मांस दोन दिवसांनी शिळं झालं आणि टीव्हीचे सहा कार्यक्रम गेले. कितीतरी टोळ्या झोंब्यांनी नाही, या भांडणाने फुटतात. एकटं खेळायचं असेल तर वेगळ्या सेव्हवर, हा नियम पहिल्याच दिवशी करा.

हेलिकॉप्टर हल्ला करत नाही. ते एखाद्या खेळाडूवर घिरट्या घालतं आणि त्याच्या आवाजाने आजूबाजूचे झोंबी ओढले जातात. रेडिओवर आपत्कालीन प्रसारणाची वारंवारता सापडली असेल तर तिथे हवामानाबरोबर हवाई हालचालीचीही सूचना मिळते. सूचना आली की ज्याच्यावर हेलिकॉप्टर आलं त्याने तळाकडे धावत यायचं नाही. हे सांगूनही लोक धावत येतात, कारण भीती वाटली की माणूस घराकडेच पळतो. त्याने गाडी घेऊन तळापासून लांब जायचं, बाकी तिघांनी पडदे ओढून गप्प बसायचं.

गच्चीवरची टाकी

पाण्याचं गणित ठाणेकरांना आणि नवी मुंबईकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. घोडबंदर रोडच्या सोसायटीत टँकर येईपर्यंत बादल्या भरून ठेवणारा माणूस या गेममध्ये पहिल्याच दिवशी बरोबर वागतो: हातात येईल त्या बाटलीत, पातेल्यात, बादलीत नळाचं पाणी भरतो. नळ बंद झाल्यावर तेच आठवडाभर पुरतं.

त्यानंतर पाऊस. सुतारकामाची चौथी पातळी झाली की चार फळ्या, चार खिळे आणि चार कचऱ्याच्या पिशव्या यांत एक पिंप तयार होतं. त्यात १६० एकक पाणी मावतं. सातव्या पातळीनंतरचं मोठं पिंप ४०० चं. पाऊस पडला की भरतं, पण हे पाणी दूषित असतं आणि तसंच प्यायलात तर आजारी पडाल. पातेल्यात उकळून प्या, हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या इमारतीसारखीच सोय: पिंप वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर, उघड्यावर ठेवायचं, त्याच्या बरोबर खालच्या मजल्यावर सिंक, आणि पाइप पान्याने ते सिंक जोडायचं. जोडणी झाली की त्या नळाचं पाणी शुद्ध धरलं जातं, उकळायची गरज नाही. बऱ्याच जणांचं इथे चुकतं ते म्हणजे पिंप छपराखाली ठेवतात. पिंपावर आभाळच नसेल तर पाऊस कुठून पडणार? दुसरी चूक म्हणजे कचऱ्याच्या पिशव्या आधीच कचरा समजून फेकून दिलेल्या. दुकानात आणि स्वयंपाकघरात दिसतील तेवढ्या उचला.

जनरेटरचे चार नियम. घरात ठेवायचा नाही, धुराने आतले मरतात. आजूबाजूच्या वीस चौकोनांपर्यंत वीज मिळते, म्हणून भिंतीला लागून बाहेर ठेवला की पुरतं. पेट्रोल भरताना आधी बंद करायचा. आणि त्याची अवस्था घसरत जाते, इलेक्ट्रॉनिक भंगाराने ती दुरुस्त करत राहायची. फार घसरलेला जनरेटर पेट घेऊ शकतो. वीज गेल्यावर पेट्रोल पंपही बंद पडतात हे लक्षात येतं तेव्हा टाकी रिकामी असते. त्यामुळे जनरेटर दोन हवेत: एक तळावर, एक पंपाशेजारी.

आगीबद्दल एक सूचना, कारण यावर कोणाचा विश्वास बसत नाही. मायक्रोवेव्हमध्ये धातूचं भांडं ठेवून चालू केलंत तर खरोखर आग लागते, आणि लाकडी घर पूर्ण जळतं. चौघांचं महिनाभराचं सामान एका कॅनपायी गेल्यावर कोणी कोणाशी बोलत नाही.

तळ कुठे? वरच्या मजल्यावर राहा. घण सापडला तर खालचा जिना तोडून टाका, झोंबी जिन्याशिवाय वर येत नाहीत. चढायला चादरीच्या दोरांची शिडी: पहिल्या मजल्याला दोन दोर आणि एक खिळा. दोन बाजूंना दोन शिड्या ठेवा, एका बाजूला गर्दी झाली तर दुसरीकडून उतरता येतं. कुंपणासाठी सुतारकाम येत नसेल तरी ओंडक्यांची भिंत होते, चार ओंडके आणि फाटक्या कापडाच्या चार पट्ट्या. तळाजवळ मारलेले झोंबी तसेच पडू देऊ नका. प्रेतांचा ढीग झाला की जवळपास राहणाऱ्यांना मळमळू लागतं. फावडं असेल तर खड्डा खणा. एका खड्ड्यात पाच मावतात.

गाव निवडताना पहिल्यांदा रोझवूड. गाव लहान, गर्दी कमी, अग्निशमन केंद्र आणि पोलीस चौकी जवळजवळ. वेस्ट पॉइंट संध्याकाळी सातच्या ठाणे स्टेशनच्या पुलासारखं आहे. लुईविलला तर तयारीशिवाय जाऊच नका.

सर्व्हर: चौघे मानपाडा, कळवा, ऐरोली, नेरूळला

चौघांपैकी एकाच्या मशीनवर जग चालवायचं असेल तर गेमच्या मुख्य मेनूत होस्टचा पर्याय आहे. नवी सेटिंग तयार करा, सर्व्हरला मेमरी द्या, सुरू करा, आणि स्टीमवरून बाकीच्यांना आमंत्रण पाठवा. आठ जीबी रॅमच्या मशीनवर गेम आणि सर्व्हर दोन्ही चालवताना गुदमरायला होतं. सोळा असेल तर सर्व्हरला चार देऊन निवांत चालतं. तोटा एकच: होस्ट झोपायला गेला की जग बंद.

सगळ्यांना हवं तेव्हा येता यावं म्हणून वेगळा सर्व्हर लागतो. स्टीमच्या लायब्ररीत टूल्समध्ये तो फुकट मिळतो. पहिल्यांदा चालवताना ॲडमिनचा पासवर्ड विचारतो, तो लिहून ठेवा. सुरू करायच्या फाइलमध्ये मेमरीचा आकडा असतो, तो तुमच्या मशीनच्या रॅमपेक्षा मोठा असेल तर सर्व्हर उघडून लगेच मिटतो आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. बाहेरून येणाऱ्यांसाठी राउटरवर यूडीपीचे १६२६१ आणि १६२६२ हे दोन पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायची दारं, उघडावे लागतात.

आणि इथेच आपल्याकडे गाडी अडते. घरगुती ब्रॉडबँडवर बरेच पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीचा पत्ता एकच, पण आत शंभर फ्लॅट, आणि कुरियरवाल्याकडे फ्लॅट नंबर नाही, असा तो प्रकार. तुमच्या राउटरवर पोर्ट उघडूनही काही उपयोग नाही, कारण गेट तुमच्या हातात नाही. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधल्यावर दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मार्ग तीन. पुरवठादाराकडून महिन्याचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, घेणं. टेलस्केल किंवा झिरोटियरसारखं खासगी जाळं चौघांच्या मशीनवर बसवणं, म्हणजे पोर्टचा प्रश्नच येत नाही. किंवा भाड्याने क्लाउड सर्व्हर घेणं. तो घेताना मुंबई विभाग निवडा. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांच्या इमारती ट्रान्स-हार्बर लोकलमधून जाताना दिसतात. सर्व्हर इतका जवळ असताना सिंगापूरचा घेऊन पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढवण्यात शहाणपण नाही.

लॅगबद्दल, म्हणजे नेटमुळे खेळ अडखळण्याबद्दल, एक गोष्ट माहीत असलेली बरी. या गेममध्ये प्रत्येक झोंबीची हालचाल सर्व्हर मोजत नाही. झोंबी ज्याच्या जवळ असतो, त्या खेळाडूचं मशीन मोजतं. म्हणजे ज्याचं नेट खराब, त्याच्याजवळचे झोंबी बाकी तिघांना उड्या मारताना दिसतात. दोन पावलं लांब वाटणारा एकदम अंगावर. त्यामुळे मोबाइल हॉटस्पॉटवर खेळणाऱ्याला पुढे पाठवू नका. त्याला गाडीत बसवा, पण चालकाच्या जागेवर नाही, कारण वेगात नकाशा लोड व्हायला उशीर झाला की गाडी थेट झाडात.

सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी बघायच्या दोनच गोष्टी. खेळाडूंनी एकमेकांना मारण्याची मुभा मुळात चालू असते. मित्रांबरोबर खेळताना ती बंद करा. झोपेची गरज मुळात बंद असते, ती तशीच राहू द्या, नाहीतर चौघांना एकदम झोपवल्याशिवाय रात्र भराभर सरकत नाही.

मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेली भर) टाकताना स्टीमच्या वर्कशॉपमधला त्याचा क्रमांक आणि मॉडचा आयडी दोन्ही लिहावे लागतात, अर्धविरामाने वेगळे करून. क्रमांक लिहून आयडी विसरला तर मॉड उतरतो पण चालत नाही. आणि खेळ चालू असतानाच एखाद्या मॉडचं नवं रूप स्टीमवर आलं, तर त्यानंतर येणाऱ्याला आवृत्ती जुळत नाही असा संदेश दिसतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की तो नवं रूप उतरवून घेतो.

पावसाळ्यात लाइट जाते, आणि चालू सर्व्हरची वीज गेली तर सेव्ह बिघडू शकतो. मशीनला यूपीएस असेल आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस, तर व्यवस्थित बंद करण्याइतका वेळ मिळतो: आधी सेव्हची आज्ञा, मग क्विटची. खिडकीच्या लाल फुलीवर क्लिक करू नका. आठवड्यातून एकदा झॉम्बॉइडच्या फोल्डरमधली तीन फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवा: सेव्ह्जमधलं मल्टिप्लेयर, सर्व्हर आणि डीबी. पहिल्यात जग, दुसऱ्यात सेटिंग, तिसऱ्यात खेळाडूंची खाती. नुसतं जग परत आणलं आणि डीबी विसरलात, तर पासवर्ड जुळत नाहीत.

चावलेल्याचं काय करायचं

कितीही जपलं तरी कोणाला तरी चावा बसतोच. दोन-तीन दिवस हातात आहेत, म्हणजे खरे दोन-तीन तास. त्याने आधी बॅग, गाड्यांच्या चाव्या आणि अंगावरचं जाकीट तळावर उतरवून ठेवावं. मेल्यावर नवं पात्र शून्यापासून सुरू होतं, कौशल्यं परत येत नाहीत, पण सामान येतं. जुन्या पात्राला अंगावर सगळं ठेवून मरू दिलं, तर ते सामान घालून फिरणाऱ्या झोंबीला आधी शोधावं लागतं, आणि तोही अर्थात स्वतःच.

उरलेल्या वेळात तो टोळीतला सगळ्यात उपयोगी माणूस असतो, कारण त्याला वाचवायचं काहीच नाही. डिकीतली शॉटगन आता काढा. पोलीस चौकीसमोरची गर्दी, दवाखान्यापाशी जमलेला घोळका, जिथे आवाजाच्या भीतीने महिनाभर कोणी गेलं नव्हतं, तिकडे त्याला एका भंगार गाडीत बसवून हॉर्न दाबून पाठवा. तो गर्दी घेऊन गावाबाहेर जातो, बाकी तिघे मागून चौकीत शिरतात. गाडी अशी निवडा जिची कोणाला गरज नाही, आणि पेट्रोल एका बाजूचंच भरा.